श्रीनगरहून लेहला : अंतर आणि वेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाची सहल येत्या जूनमध्ये काश्मीर-लडाखला न्यायची ठरते आहे आणि श्रीनगरहून लेहला विमानाने जावे की मोटारीने, यावर आपल्यात दोन तट पडले आहेत. मी शाळेत भूगोल शिकवीत असे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. विमानवाल्या भगिनी म्हणतात, पाऊण तासाच्या कामाला दोन दिवस हाडे कशाला खिळखिळी करून घ्यायची?

आधी अंतर पाहू. ही दोन्ही गावे चौतिसाव्या अक्षांशाच्या आसपास आहेत. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटर भरतो. पण उत्तरेकडे रेखावृत्ते लुगड्याच्या निऱ्यांसारखी जवळ येत जातात आणि तिथे तो ९२ किलोमीटरच उरतो. दोन विमानतळांमध्ये पावणेतीन अंशांहून किंचित अधिक फरक आहे. म्हणजे सरळ अंतर सुमारे २५५ किलोमीटर. जाता जाता सांगते, लेह आपल्या हिंगोलीच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, सुमारे १,६०० किलोमीटरवर. आपली आणि त्यांची मध्यान्ह दोन मिनिटांच्याही फरकाने होत नाही!

ताशी ८०० किलोमीटरने हे २५५ किलोमीटर वीस मिनिटांत संपावेत. परंतु विमानाला वर चढायचे असते, डोंगरांमधून वळत उतरायचे असते. म्हणून पाऊण ते एक तास धरावा. शिवाय थेट विमान आपल्या सोयीच्या दिवशी असेलच असे नाही. नसेल तर दिल्लीला वळसा : श्रीनगर-दिल्ली ६४० आणि दिल्ली-लेह ६२०, एकूण १,२६० किलोमीटर. जवळचे गाव असे लांब जाते.

लेहला पहिले विमान २४ मे १९४८ रोजी उतरले. चालवीत होते मेहरसिंग, बरोबर जनरल थिमय्या. धावपट्टी सोनम नोर्बू या इंजिनिअरांनी तयार करविली होती. लेहवर शत्रू चालून येत होता आणि डोंगरवाटेने मदत पोचायला फार दिवस लागले असते. आजही तिथली विमाने बहुतेक सकाळीच ये-जा करतात, कारण दुपारी वारा सुटतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला पुरेसा उठाव मिळत नाही. हवा बिघडली की फेरी रद्द.

आता मुख्य गोष्ट. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे, श्रीनगरच्या जवळजवळ दुप्पट. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेहून सुमारे एक तृतीयांश विरळ. विमान तासाभरात पोचते. शरीर मात्र मागून येते. डोके दुखते, मळमळते, धाप लागते. त्यामुळे उतरल्यावर दोन दिवस स्वस्थ पडून राहावे लागते. ते दिवस प्रवासातच धरले पाहिजेत, नाही का?

मोटारीचा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. सोनमर्ग, झोजिला, द्रास करीत कारगिलला मुक्काम. कारगिल २,७०० मीटरच्या आतबाहेर असल्याने शरीराला मधली एक पायरी मिळते. पुढे फोटू ला ४,१०८ मीटर आहे, पण तिथे आपण झोपत नाही, ओलांडून जातो. लेहला पोचल्यावरही पहिला दिवस विश्रांतीचाच ठेवावा.

म्हणून माझे मत, जाताना मोटार आणि येताना विमान. रक्तदाब वा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये, मग कितीही वाईट वाटो. आणि चिटणीसबाई, दिल्लीहून परतीचे रेल्वे आरक्षण करताना मध्ये एक दिवस मोकळा सोडा.