कार्ल्याच्या लेण्यातील सागवान

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावच्या आसपास सागाचे रान हाताशी असल्यामुळे जुन्या घरांना लाकडाची वाण पडली नाही. तेथील कोणताही अनुभवी सुतार सांगेल की, खांब कुजतो तो माथ्याशी नव्हे, जमिनीला टेकतो त्या ठिकाणी. म्हणूनच त्याच्या बुडाशी दगडी तळखडा देण्याची चाल पडली.

हीच गोष्ट दूर नॉर्वे देशातील सुतारांसही ठेचा खाऊनच उमगली. तेथील पहिल्या लाकडी चर्चचे खांब मातीत पुरलेले असत; ते कुजून गेले. पुढे खांब आडव्या तुळयांवर आणि तुळया दगडी पायावर ठेवू लागले, तेव्हा कोठे त्या इमारतींनी शतके पाहिली. गोल नावाच्या गावचे असे एक चर्च, सुमारे १२०० सालचे. गावाला ते अपुरे पडून मोडीत निघण्याची वेळ आली, तेव्हा राजा दुसरा ऑस्कर याच्या साहाय्याने १८८४-८५ च्या सुमारास ते राजधानीजवळ पुन्हा उभारण्यात आले. १९०७ पासून ते तेथील लोकसंग्रहालयात आहे. चर्च वाचले खरे, परंतु गाव त्याला मुकले. गोल येथे पुढे त्याची प्रतिकृती बांधावी लागली!

त्या चर्चहून हजारावर वर्षांनी जुने लाकूड महाराष्ट्रात आहे, आणि तेही जागच्या जागी. लोणावळ्याजवळील कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकातील. लांबी सुमारे १२४ फूट, उंची ४५ फुटांच्या आसपास. त्याच्या कमानदार छताला सागवानी फासळ्या बसविल्या आहेत. वस्तुतः छत अखंड कातळाचे. फासळ्यांवर तोळाभरही भार नाही. मग हा खटाटोप कशासाठी? आधीची चैत्यगृहे लाकडाची होती आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांस तेच रूप परिचयाचे होते. ती सारी नष्ट झाली. त्यांचा आकार या फासळ्यांनी धरून ठेवला आहे. स्तूपावरील छत्रदेखील लाकडाचेच.

वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेविले आहे. धनिकांनी असे लिहवावे यात नवल नाही. पण तेथेच धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याचाही लेख आहे. दगडाच्या लेण्यात सुताराचे नाव राहावे, हे मात्र विरळा.

हे लाकूड टिकले याचे कारण साधे आहे: त्याला माती लागली नाही, पाऊस लागला नाही. जवळच्याच भाजे येथे दर्शनी भाग लाकडाचा होता. तो गेला आणि कातळात केवळ खाचा राहिल्या. आतील फासळ्यांवर मात्र ब्राह्मी अक्षरे सापडली.

खेड्यापाड्यांतील जुनी घरे आज उकलली जातात, तेव्हा खांब बाजारात जातो आणि तळखडा अंगणात पडून राहतो. त्या घराचा सुतार कोण, हे विचारण्यास कोणास सवड नसते. कार्ल्यास एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी लेण्यात घटकाभर थांबावे. उन्हातून आत शिरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. डोळे अंधारास सरावले की वर एकेक फासळी स्पष्ट होऊ लागते.