कळसूची अट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला सहलीचा वृत्तांत सांगायला उभे केले आहे. वृत्तांत म्हटला की किती वाजता निघालो, चहा कुठे घेतला आणि सुखरूप कधी परतलो एवढे सांगून खाली बसायचे असते. तेवढे सांगतेच, पण थोडे अधिक बोलायची परवानगी घेते. कारण या सहलीवरून आपल्यात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, आणि "दोन दिवस घर टाकून बायका तळ्याकाठी नुसत्या बसायला गेल्या" असे कुणी म्हटल्याचेही माझ्या कानावर आले आहे. म्हणणाऱ्यांनी खरे तेच म्हटले. आम्ही बसायलाच गेलो होतो.

ठिकाण भंडारदरा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात ते येते. (अकोला नव्हे, अकोले. आमच्यातल्या एकीच्या यजमानांनी वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या धास्तीने तिला जवळजवळ अडवलेच होते!) कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटी, आणि घोटीहून एस. टी. ने शेंडी गाव. 2023 च्या मार्चपासून एस. टी. त बायकांना निम्मे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर तेही नाही, तेव्हा खर्चाची सबब यापुढे कुणी सांगू नये.

प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. ती डोंगरातून बाहेर पडते न पडते तोच शेंडीपाशी तिला धरणाने अडवले आहे. हे दगडी धरण 1926 साली पुरे झाले, त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव त्याला दिले म्हणून ते विल्सन धरण; उंची सुमारे 270 फूट. त्यामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. नावे साहेबांची, पण भोवतालचे सारे आपले: एकीकडे कळसूबाई, दुसऱ्या टोकाला रतनगड, आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचे अमृतेश्वराचे जुने कोरीव मंदिर. आम्ही गेलो ते मेच्या अखेरीस. पाणी बरेच खाली गेलेले, काठचा गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या. चित्रातल्यासारखे हिरवेगार तळे पाहायचे असेल तर श्रावणात जावे. पण मग काजवे नाहीत.

आता आपल्या वादाकडे येते. निघण्यापूर्वीच्या सभेत ठराव झाला होता की, या सहलीत कुणीही कुणासाठी काही करायचे नाही. स्टोव्ह न्यायचा नाही, डबे न्यायचे नाहीत, वाढायचे नाही, भांडी घासायची नाहीत. कित्येकींना हे पटले नव्हते. "निदान थोडा चिवडा तरी?" असे करीत करीत तिघींच्या पिशव्यांतून मिळून डबे निघालेच, ही गोष्ट वेगळी. हा ठराव मांडणाऱ्या भगिनीने दाखला दिला होता तो कळसूबाईचा.

1646 मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातले सर्वांत उंच, हे आपण शाळेत घोकले आहे. पण ते जिच्या नावाने ओळखले जाते तिची गोष्ट मात्र शाळेत कुणी सांगितली नाही. कळसू ही तिकडच्या कोळ्यांची मुलगी. रानावनात हिंडण्याची तिला मोठी आवड. एका घरी कामाला राहिली तेव्हा तिने आधीच अट घातली की, सांगाल ते करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. एके दिवशी घरातल्या कुणी तरी तिला तेच काम सांगितले. तिने ते केले, आणि उठून डोंगरावर निघून गेली, ती परत खाली आलीच नाही. आज माथ्यावर तिचे छोटेसे देऊळ आहे आणि नवरात्रात तिथे जत्रा भरते. भगिनींनो, अन्नपूर्णा आपल्या प्रत्येकीच्या देव्हाऱ्यात आहे. भांडी घासणार नाही म्हणणारीही देवी होऊ शकते, हे मला साठाव्या वर्षी कळले.

आमच्यापैकी चौघी पहाटे अंधारात बारी गावातून निघून शिखरावर जाऊन आल्या. खड्या कातळावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. दोघी पंजाबी पोशाखात होत्या, दोघी लुगड्याचा काचा मारून. आणि काचावाल्या आधी पोहोचल्या, हे मुद्दाम सांगायला मला बजावले आहे. माझे गुडघे त्या पंथातले नाहीत. म्हणून मी आणि बाकीच्या तळ्याच्या काठी आंब्याखाली बसलो.

बसणे ही गोष्ट इतकी अवघड असेल असे मला वाटले नव्हते. पहिला अर्धा तास घरी गॅस बंद केला का, दूधवाल्याला सांगितले का, यातच गेला. मग एकीने पिशवीतून विणकाम काढले. दुसरी म्हणाली, इथे कोथिंबीर स्वस्त असेल, निवडत बसू. हसू नका, खरोखर म्हणाली. हात रिकामे ठेवायची आपल्याला सवयच नाही. पुरुषमाणूस कट्ट्यावर बसला तर तो विसावा घेतो आणि बाई बसली तर तिला बरे वाटत नसते! पण तासाभराने बोलणे आपोआप थांबले. एक खंड्या पाण्यावर सूर मारत होता, त्याच्याकडे आठ बायका गुपचूप पाहत होत्या. आमच्यातल्या सर्वांत वडील भगिनी मग हळूच म्हणाल्या की, लग्न झाल्यापासून आज प्रथम पुढच्या जेवणाचा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. त्यांच्या लग्नाला एक्कावन्न वर्षे झाली आहेत.

पण जेवणाचा विचार कुणी तरी करीतच होते. आमची उतरायची आणि जेवायची सोय गावातल्या एका घरी होती. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, भात. चव अशी की, आमच्या डब्यांतला चिवडा तसाच परत आला. (याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणी जपण्याच्या कामासाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्हाला माहीत असेलच.) जेवल्यावर त्या घरची बाई ताटांचा ढीग घेऊन बसली. पाण्याचा हंडा तिने डोक्यावरून आणला होता. खाली एवढे मोठे तळे, आणि हिच्या घरी पाणी डोक्यावरून! धरणाचे पाणी कालव्यांनी संगमनेर-श्रीरामपूरकडच्या उसाला जाते. धरणाच्या उशाशी राहणारीला विहिरीचा तळ खरवडावा लागतो. हे पाहून आमच्यातल्या दोघींना राहवेना. त्या पदर खोचून भांड्यांना बसल्या. ठराव मोडला म्हणून बाकीच्या रागावल्या, आणि वाद पेटला तो इथे.

त्या बाईंनी मात्र दोघींच्या हातातून ताटे काढून घेतली. म्हणाल्या, "बाई, तुम्ही गप बसा. रोजची भांडी फुकटची, ही पैशाची हायेत."

मोडणाऱ्या भगिनी अजून म्हणतात की, आपण विसावा घ्यायचा आणि तो दुसऱ्या बाईच्या कंबरेवर, हे बरे नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण माझे मत त्या घरच्या बाईंच्या बाजूचे आहे. त्यांनी पैसे स्वतः मोजून घेतले, बचत गटाच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले. आपण ताटे घासून त्यांच्यावर उपकार केले नसते. त्यांच्या धंद्यात लुडबूड केली असती. पाण्याचे म्हणाल, तर ती गोष्ट निराळी. दुसऱ्या दिवशी आम्ही पत्रावळी मागितल्या आणि अंघोळी एकेका बादलीत उरकल्या. तेवढे पाहुण्याच्या हातात असते.

काजव्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सांगण्यासारखे कमी आणि पाहण्यासारखे जास्त. मृगाच्या आधीचे हे थोडे दिवस. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि सारे झाड एका ठेक्यात उजळते नि विझते. नर मादीला खुणावण्यासाठी चमकतो. म्हणून तिथे कुणी मोटारीचा दिवा किंवा विजेरी मारली की, त्या उजेडात ती खूण बुडते, आणि पुढल्या वर्षीचे काजवे आजच कमी होतात. हा सगळा मुलूख 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तरी शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते. आमच्या शेजारीच काही तरुण मंडळींनी मोठ्याने गाणी लावली होती. आपल्या निवृत्त गणिताच्या बाई अंधारात उठल्या, त्यांच्यापाशी गेल्या आणि वर्गात बोलावे तसे दोनच शब्द बोलल्या. गाणी थांबली. दिवेही विझले. मग ती मुले आमच्याच सतरंजीच्या कडेला येऊन बसली, आणि त्यांतल्या एकाने हळूच विचारले, "काकू, काही खायला आहे का?" तेव्हा त्या चिवड्याचा उपयोग झाला.

पुढल्या वर्षीची सहल मेच्या अखेरीसच, अमावास्येच्या सुमारास आणि आठवड्याच्या मधल्या वारी ठेवायची असे ठरते आहे. नावनोंदणीची वही कोषाध्यक्षबाईंकडे आहे. "घरी विचारून सांगते" असा शेरा यंदा तीन नावांपुढे होता आणि त्या तिन्ही जागा रिकाम्या राहिल्या. तेव्हा या खेपेस आधी नाव लिहावे आणि मग घरी सांगावे. पाण्यात कुणी उतरायचे नाही, ते खोल आहे. विजेरी आणायचीच असेल तर काचेवर लाल कागद चिकटवून आणावी. पत्रावळींचे पैसे वर्गणीतच धरले आहेत.