उद्योगाला वीज-पाणी



मी सातवी शिकलेली गृहिणी. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या महाराष्ट्रात १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले. कारखानदारांना ते जागा, रस्ते, पाणी पुरवते. बदलापूरजवळचे बारवी धरण त्याचेच. आम्ही सातजणींनी मात्र मिरची कांडपाचे यंत्र घरच्याच विजेवर चालवले. ऐन चैत्रात फ्यूज जाई, मिरची अर्धी राही, गिऱ्हाईक परत फिरे. शेवटी तीन फेजच्या जोडणीसाठी अर्ज केला. चार खेपा फुकट गेल्या, पाचवीला काम झाले. आता वेळेवर मसाला देतो.

भगिनींनो, हाताला चव असून भागत नाही. उद्योगाला वीज-पाणी हवेच. मोठे कारखानदार ते आधी विचारतात. आपणही विचारावे, लाजू नये.