अणशी घाट उतरताना

कर्नाटकातला अणशी घाट उतरला की कारवार, आणि काळी नदी ओलांडली की पुढे गोवा. नोकरीचं आमिष दाखवून एखाद्या मुलीला राज्याबाहेर न्यायला अर्धा दिवसही लागत नाही.

अशा प्रकरणात तपास अधिकाऱ्याने आधी हे शिकायला हवं, की समोरची मुलगी आरोपी नाही, पीडित आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार मानवी तस्करीत तिची संमती गैरलागू ठरते. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार सुटकेसाठीच्या छाप्यात किमान दोन महिला पोलीस हव्यात.

सुटका झाली की तपास संपला, असं मानणं घातक. आणलं कुणी, गाडी कुणाची, पैसे कुणाकडे गेले? घाबरलेली मुलगी पहिल्या दिवशी खोटं नावही सांगेल. तिला वेळ द्या.