कपाशीवरचा तुडतुडा ओळखताना

पहूर परिसरात कपाशीचं पान उलटलं की जेमतेम ३ मिलिमीटरचे फिकट हिरवे किडे तिरके पळताना दिसतात. हे तुडतुडे. पण हिरवा दिसला तो कपाशीचाच, असं नसतं. भिंग लावा. कपाशीच्या तुडतुड्याच्या दोन्ही पुढच्या पंखांवर, टोकाजवळ, एकेक काळा ठिपका असतो. डोक्यावरही दोन बारीक ठिपके असतात. भातावरच्या हिरव्या तुडतुड्यात नराच्या पंखांची टोकंच काळी असतात. काही जाती तर इतक्या सारख्या, की तज्ज्ञांनाही सूक्ष्मदर्शकाखाली नराची जननेंद्रियं तपासावी लागतात. आपल्याला तेवढ्या खोलात शिरायची गरज नाही.

खरी गल्लत होते ती पिल्लांची. त्यांना पंखच नसतात, मग ठिपके कुठले? तिथं चाल बघायची. तुडतुड्याचं पिल्लू चपळ आणि तिरकं पळतं. मावा सुस्त असतो, फुलकिडा बारीक व लांबट, तर पांढऱ्या माशीचं पिल्लू खवल्यासारखं पानाला चिकटून बसतं. भेंडी-वांग्यावरही हाच तुडतुडा येतो, तेव्हा बांधावरची भेंडीही उलटून बघा. पानांच्या कडा पिवळ्या, मग तांबूस होऊन मुरडायची वाट पाहू नका. पानामागे सरासरी २ ते ३ पिल्लं दिसली, की फवारणीचा विचार करा.