रक्ताच्या कॅन्सरचे मूळ आणि आपल्याच पेशी

आम्ही बिरसीच्या बचत गटातल्या बाया. आपल्या गोंदिया जिल्ह्यात लेकरू फिकट दिसले की आधी सिकलसेल आठवतो, नाहीतर रक्त कमी म्हणून गोळ्या सुरू होतात. बहुतेक वेळा कारण तेच असते. पण कधी कधी त्यामागे रक्ताचा कॅन्सर असतो. आज त्याविषयी बोलू.

रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. तिथल्या पेशी बिघडल्या की त्या नुसत्या वाढत जातात आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही. मग फिकटपणा येतो, ताप पुन्हा पुन्हा येतो, मार न लागता अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, हाडे दुखतात, मानेत गाठी येतात.

केमोच्या औषधाने बिघडलेल्या पेशी मरतात आणि लेकरू खेळू लागते. पण थोड्या पेशी लपून राहू शकतात. बांधीतला लव्हाळा वरून उपटला तरी मातीत गाठ राहते, तसेच हे. 1994 मध्ये कॅनडातल्या जॉन डिक यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मोजक्या मूळ पेशीच आजार पुन्हा उभा करतात.

या लपलेल्या पेशी शोधायला आता आपल्याच शरीरातल्या राखणदार पेशी शिकवता येतात. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढतात. प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखायला लावतात, त्यांची संख्या वाढवतात आणि सलाइनसारख्या परत शरीरात सोडतात. मुंबईच्या आयआयटीतले डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी हा उपचार भारतात तयार केला. नाव नेक्सकार19. त्याला 2023 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. चाचणीत 100 पैकी सुमारे 73 रुग्णांना गुण आला.

पण खरे तेही सांगतो. हा उपचार बी पेशींच्या कॅन्सरसाठी आहे. मंजुरी 15 वर्षांवरच्यांना, तीही आधीच्या औषधाने गुण आला नसेल किंवा आजार उलटला असेल तरच. खर्च 30 ते 40 लाखांच्या घरात. परदेशात तोच तीन-चार कोटी. जोरदार ताप येऊ शकतो, रक्तदाब खाली जाऊ शकतो, म्हणून मोठ्या दवाखान्यातच करतात. काहींचा आजार त्यानंतरही परततो. दुसऱ्या काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये मूळ पेशींवरची खूण चांगल्या पेशींवरही असते, त्यामुळे तिथे काम अजून अवघड आहे.

म्हणून बहिणींनो, आपल्या हातात आहे तो पहिला उपचार पूर्ण करणे. लहान मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. तो वेळेत सुरू झाला आणि पूर्ण घेतला तर बरीच मुले बरी होतात. लेकरू धावू लागले, रोवणी आली, भाड्याला पैसे नाहीत, म्हणून औषध मध्येच सोडले तर लपलेल्या पेशींना वाढायला मोकळे रान मिळते.

सिकलसेलची तपासणी निर्दोष आली तरी फिकटपणा आणि ताप जात नसेल तर आशाताईला सांगून सीबीसी तपासणी करून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांना मदत मिळते. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. गटातल्या एखादीचे लेकरू उपचार घेत असेल तर तिच्या निंदणाची पाळी आपण वाटून घेऊ, म्हणजे तिची नागपूरची तारीख चुकणार नाही.