मूल्यशिक्षण आणि क्रियापदाचा कर्ता



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत दोन वर्षे नोकरी केली. या व्यासपीठावर उभे राहण्याची माझी खरी पात्रता तेवढीच. पुढे पस्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले, मराठी आत्मचरित्रांवर प्रबंध लिहून पदवी मिळवली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली. पण शिक्षण म्हणजे काय याविषयी जे थोडेफार उमगले, ते याच इमारतीत, १९७३ ते १९७५ या काळात. संयोजकांनी विषय दिला आहे ‘शालेय मूल्यशिक्षण आणि सामाजिक-भावनिक कौशल्ये’. सर असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले असते, “म्हणजे नेमके काय हो, बाई?” त्या प्रश्नाला धरूनच मी बोलणार आहे.

शाळेने मुलांना केवळ लिहायला-वाचायला शिकवू नये, माणूस म्हणून वाढवावे, ही अपेक्षा काही नवी नाही. आपल्या या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याआधी १८९३ मध्ये अमरेलीला प्रयोग करून पाहिला होता. सक्ती केली की मूल शाळेत येते. आलेल्या मुलाचे पुढे काय करायचे हा प्रश्न मात्र सक्तीने सुटत नाही. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) सर्व शिक्षणसंस्थांनी दिवसाचा आरंभ काही मिनिटांच्या मौनचिंतनाने करावा असे सुचवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) नैतिक मूल्यांसाठी आठवड्यातून एक-दोन तास राखून ठेवावेत असे म्हटले, आणि ही जबाबदारी सर्वच शिक्षकांची व शाळेच्या एकूण वातावरणाची आहे, असेही त्याच अहवालात नोंदवले. यातले पहिले विधान वेळापत्रकाच्या चौकटीत बसण्याजोगे होते, म्हणून ते आपण उचलले. दुसरे कोणत्याही चौकटीत बसत नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात श्रमप्रतिष्ठेपासून नीटनेटकेपणापर्यंत दहा मूल्ये निश्चित करून ती परिपाठात आणली गेली. आपण गुजरातेत असल्याने ती योजना आपल्याला लागू नव्हती. पण पुण्या-नाशिकच्या भाचरांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. ‘संवेदनशीलता’ या शब्दाची व्याख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली आणि खाली बाईंची सही. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा स्वतंत्र तास सुरू झाला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सामाजिक आणि भावनिक क्षमतांचा उल्लेख आवर्जून येतो. मध्यंतरी, २००९ पासून, केंद्रीय मंडळाच्या शाळांत जीवनकौशल्यांना श्रेणी देण्याचा प्रघात पडला होता. २०१७ मध्ये तो बंद झाला. माझी एक पुतणी त्या काळात शिक्षिका होती. मुलाच्या ‘इतरांविषयीच्या सहानुभूती’वर दोन ओळी लिहायच्या असत, आणि वर्गात पन्नास मुले. तिने दहा वाक्ये तयार ठेवली होती, ती आळीपाळीने वापरी. तिला मी हसले नाही. मीसुद्धा काही वर्षे परीक्षक म्हणून ‘श्यामच्या आईने श्यामला कोणती शिकवण दिली?’ असा चार गुणांचा प्रश्न काढला आहे. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, छात्रालयात मुलांच्या अंथरुणा-कपड्यांची आवराआवर स्वतःच्या हातांनी करीत, त्यावर भाषण देत नसत. त्यांच्या पुस्तकाचे आम्ही काय केले, तर चार गुण.

चांगुलपणा तोंडपाठ असणे आणि चांगले वागणे यांचा संबंध किती, याची मोजदाद अमेरिकेत फार पूर्वी झालेली आहे. हार्टशोर्न आणि मे या दोघांनी १९२०च्या दशकात सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांवर प्रयोग केले. फसवणूक करण्याची संधी मुलांसमोर ठेवायची आणि ती काय करतात ते त्यांच्या नकळत नोंदवायचे, अशी रीत. प्रामाणिक मुले आणि लबाड मुले असे दोन ढीग वेगळे काढता आले नाहीत. गणिताच्या पेपरात फसवणारे मूल खेळात सचोटीने वागत होते. कोणते वागणे बरोबर, हे अचूक सांगणारी मुले तसे वागतीलच याची शाश्वती नव्हती. पुढे त्या आकड्यांची फेरतपासणी होऊन काही निष्कर्ष सौम्य झाले, हेही सांगितले पाहिजे. पण एक गोष्ट माझ्या मनात ठसली आहे: एका वर्गातली मुले या बाबतीत एकमेकांसारखी वागत. म्हणजे सचोटी ही मुलाच्या दप्तरात जितकी असते, तितकीच वर्गाच्या हवेतही असते.

आपले शेजारी, भावनगरचे गिजुभाई बधेका, यांना ही हवा कळली होती. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्तीत त्यांनी बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक तेथेच त्यांच्याबरोबर राबल्या आणि पुढे ते काम त्यांनी बोर्डी-कोसबाडला नेले. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ येथील अनेकांनी मूळ गुजरातीतूनच वाचले असेल. त्यातला प्रयोगशील शिक्षक मोठ्या उमेदीने वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करवून घेऊ पाहतो. मुले जी दंगल करतात ती वाचताना हसू आवरत नाही. त्याचा बेत पार फसतो. मग तो गोष्टी सांगू लागतो, आणि वर्ग त्याचा होतो. शांतता नकोशी नव्हती, ती पहिल्या दिवशी मागून मिळणारी नव्हती. ब्रिटनमध्ये अलीकडे पंच्याऐंशी शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या, म्हणजे मन एकाग्र करण्याच्या, पाठांचा मोठा प्रयोग झाला. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याने मुलांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले नाही, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. गिजुभाईंना त्याचे आश्चर्य वाटले नसते.

तर मग भाषेच्या शिक्षकाने या बाबतीत काय करावे? भावनिक कौशल्य म्हणतात त्याची पहिली पायरी स्वतःला काय होते आहे ते ओळखणे ही असेल, तर ओळखायला शब्द लागतो. निवृत्तीनंतर काही महिने मी याच शाळेत आठवीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास घेत असे. मुलांना विचारले, मनाविरुद्ध काही घडले की तुम्हांला काय होते? उत्तरे दोनच आली: ‘टेन्शन येतं’ आणि ‘मूड जातो’. दांडिया बाजारात वाढलेली, घरी मराठी, गल्लीत गुजराती, मोबाइलवर हिंदी बोलणारी हुशार मुले. तीन भाषा येत होत्या आणि मनासाठी शब्द दोन. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: रागावणे, रुसणे, हिरमुसणे. फरक सांगा म्हटले. बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, रुसलेल्याला वाटतं कुणीतरी समजूत काढायला यावं. हिरमुसलेल्याला वाटतं, कुणी बघू नये.” माझ्या प्रबंधातही इतके नेमके वाक्य नाही. त्या दिवशी आम्ही पुढेही गेलो: ओशाळणे आणि वरमणे, चुटपुट आणि रुखरुख, हेवा आणि मत्सर, चरफडणे, कानकोंडे होणे, हळहळणे. हळहळणे या शब्दापाशी मुले थांबली. दुसऱ्याचे नुकसान झाल्यावर आपल्याला वाटते ते, हे कळल्यावर एका मुलाने विचारले, “आपलं काहीच गेलेलं नसताना?” तो प्रश्न म्हणजेच मूल्यशिक्षणाचा तास होता. त्याला वेळापत्रकात वेगळी जागा लागली नाही.

आता शब्दांकडून वाक्याकडे येते. मराठी ही मोठी सोयीची भाषा आहे. कर्त्याला वाक्याबाहेर बसवण्याची जी मुभा ती देते तिचा आपण मनमुराद उपयोग करतो. कप फुटला. उशीर झाला. बोलण्याच्या ओघात शब्द गेला. गैरसमज झाला. आत्मचरित्रे अभ्यासताना मी पेन्सिलीने खुणा करीत असे: यशाच्या प्रकरणांत ‘मी केले, मी ठरवले, मी उभारले’, आणि जिथे कोणाला दुखवल्याचा प्रसंग येई तिथे लेखक एकाएकी ‘घडून गेले’, ‘होऊन गेले’ लिहू लागे. मोठमोठ्या माणसांच्या पुस्तकांत मला हे आढळले. व्याकरणात यात काही चूक नाही. पण ‘चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’ या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते ओलांडायला मला किती वर्षे लागली, ते सांगितल्यावाचून आजचे माझे बोलणे खोटे ठरेल.

१९७४च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. सातवीच्या वर्गात माझे शाईचे पेन दिसेनासे झाले. पहिल्या पगारातून घेतलेले होते, म्हणून जीव गुंतलेला. मधल्या सुट्टीत एक मुलगा वर्गात एकटाच बसलेला मी पाहिला होता. त्याच्या घरची ओढगस्त सर्वांना ठाऊक होती. त्याचे नाव मी घेणार नाही. पुरावा एवढाच, आणि खरे सांगायचे तर ती ओढगस्त हाच माझ्या मनातला पुरावा. मी त्याला उभे केले आणि सर्वांसमक्ष त्याला दप्तर उलटे करायला लावले. दोन वह्या, एक फाटके पुस्तक आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. पेन नव्हते. मुले हसली, मी त्यांना गप्प केले नाही. तो मधल्या सुट्टीत एकटा का बसतो, ते त्या भाकरीने मला सांगितले होते, पण मी ते त्या दिवशी ऐकले नाही.

पेन तिसऱ्या दिवशी माझ्याच घरी, छत्रीच्या घडीत सापडले. मी सरांकडे गेले. ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, “बाई, ज्या वर्गात बोललात त्याच वर्गात जाऊन सांगा.” मी वर्गात गेले आणि म्हणाले, “मुलांनो, पेन सापडले आहे. थोडा गैरसमज झाला होता.” आणि धडा सुरू केला. संध्याकाळी सरांनी विचारले, “तो हजर होता का?” तो नव्हता. त्या दिवसापासून शाळेतच येत नव्हता. “मग पुन्हा सांगावे लागेल,” सर म्हणाले. त्याच संध्याकाळी ते सायकलीवरून त्याच्या घरी जाऊन आल्याचे मला बऱ्याच दिवसांनी शिपाईमामांकडून कळले. स्वतः सरांनी ते कधी काढले नाही. आठवडाभराने मुलगा आला. सर तिकडे काय बोलले असतील ते असोत, माझे सांगणे मला सुटलेले नव्हते. रोज वाटे, आज सांगू. एखाद्या दिवशी तो माझ्याकडे पाहत नसे, एखाद्या दिवशी मी त्याच्याकडे. पुढच्या जूनमध्ये मला महाविद्यालयात जागा मिळाली. निरोपसमारंभात सरांनी मला श्रीफळ दिले, चांगले बोलले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटले.

माझ्या हातून झालेल्या त्या शिक्षणात मूल्ये होती, हे लक्षात घ्यावे. दप्तर उलटे करताना मी वर्गाला प्रामाणिकपणावर चार वाक्ये ऐकवली होती. मुलांनी त्या दिवशी प्रामाणिकपणाचे महत्त्व शिकले नाही. गरिबावर संशय घ्यायला हरकत नसते आणि बाईंना माफी मागावी लागत नाही, या दोन गोष्टी शिकल्या. त्या मीच शिकवल्या. आज मूल्यशिक्षणाचे नवे पुस्तक कोणी माझ्याकडे अभिप्रायासाठी आणले की मी अनुक्रमणिकेआधी लेखकाला विचारते, शिक्षकाने चूक केली तर काय करायचे, याचा पाठ यात आहे का? अजून एकाही पुस्तकात मला तो मिळालेला नाही. मुलाने माफी कशी मागावी यावर पाने असतात.

शिक्षक मित्रांना एवढीच विनंती आहे की, हा पाठ प्रशिक्षणवर्गात बसवता आला तर पाहावा. अवघड आहे, कारण वरिष्ठांसमोर ‘मी केले’ म्हणण्याची सवय शाळेच्या कार्यालयातही नसते. तेथेही फाइल गहाळ ‘होते’ आणि पत्र पाठवायचे ‘राहून जाते’. सर या बाबतीत वेगळे होते. एकदा परीक्षेच्या वेळापत्रकात त्यांच्याकडून घोळ झाला, तेव्हा प्रार्थनेला सर्व मुलांसमोर उभे राहून ते म्हणाले होते, “मी तारीख चुकीची लिहिली. तुमचा एक दिवस मी वाया घालवला.” पहिलीतल्या मुलांनाही ते ऐकू गेले असेल. ती शाळा तशी का होती, हे मला त्यानंतर कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

त्या वर्गातले काही जण आज समोर बसले आहेत. आता त्यांचीही साठी उलटली आहे. तो मुलगा कोठे असतो ते मला माहीत नाही. मी चौकशी केली होती, उशिरा केली. तो वर्ग अजून आहे, जिना चढल्यावर उजव्या हाताचा. सकाळी येताना मी तेथे डोकावून आले. सरांनी सांगितलेले काम एकावन्न वर्षे राहिले, नव्हे, मी ते ठेवले. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात ते करण्याची परवानगी अध्यक्षांनी द्यावी. मी त्या मुलावर चोरीचा आळ घेतला. तो निर्दोष होता. मी भर वर्गात त्याचे दप्तर उलटे करायला लावले, आणि मुले हसली तेव्हा मी त्यांना थांबवले नाही. त्याला कोणी ओळखत असेल, तर माझे हे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचवावे. माझा पत्ता शाळेच्या कार्यालयात दिलेला आहे.